युरोप दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा

१२ मे, सोमवार. सकाळी ११.

ठरलं. पंचविसावा वाढदिवस प्रागमध्ये. फायनल.

ही डायरी पेणच्या रंगाच्या दुकानदाराने दिली होती. चार महिने कोरी पडलेली. पहिल्या पानावर आईने कुकर दुरुस्तीवाल्याचा नंबर लिहून ठेवला होता. फाडून टाकलं. नवी सुरुवात म्हणजे नवी सुरुवात.

अंबरीश कंपनीतर्फे फेब्रुवारीपासून प्रागला आहे. एकटाच राहतो. काल फोनवर म्हणाला, या कधीतरी सगळे. मी म्हटलं, एकोणीस जुलै. तो जरा थांबला, मग बरं म्हणाला. थांबला तो नेटवर्कमुळे. अक्षय आणि ऋजुताला लगेच कळवलं. आम्ही चौघं पेणच्या शाळेत पाचवीपासून एकत्र. अंबरीश इंजिनियर झाला, ऋजुता पेणलाच बँकेत लागली, अक्षय रोह्याला केमिकल कंपनीत शिफ्ट मारतो. तिघंही अडकले. मी कुठे अडकलो नाही. त्यामुळे लीडर मी.

बाबांना सांगितलं. ते एका मूर्तीच्या सोंडेला पॉलिश पेपर मारत होते. वर न बघता म्हणाले, श्रावणाच्या आत येशील ना. बस, एवढंच. मुलगा युरोपला चाललाय आणि यांना श्रावण. हमरापूरमध्ये दर दुसऱ्या घरात गणपतीचा कारखाना, त्यामुळे सगळ्यांची डोकी एकाच मापाची. आमच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे मी काढतो. आखणी म्हणतात त्याला. बाकी कुठल्याच कामाला मी हात लावत नाही, आणि हेही टेम्पररी आहे. आठ वर्षं झाली.

आजपासून रोज पाचला उठणार. चेक भाषा शिकणार. आणि चिडणं बंद. पूर्ण बंद.

१३ मे, मंगळवार. दुपारी १२.

आत्ता उठलो. निशिगंधाने उठवलं नाही. धाकटी बहीण असून एवढं काम होत नाही. सांगूनसुद्धा.

२४ मे, शनिवार.

ऋजुताने कागदांची यादी पाठवली. सतरा आयटम. तिला कोणी सांगितलं होतं? लीडर मी आहे. तरी मोठं मन करून मी तिला 'डॉक्युमेंट्स हेड' केलं. तिने अंगठा दाखवला. नुसता अंगठा. थँक्यू नाही.

व्हिसाचा फोटो काढायला पेणला गेलो. स्टुडिओ दुपारी बंद. समोर एक जण ड्रोन विकायला वडखळला चालला होता, म्हणून त्याच्या मागे बसून गेलो, कारण प्रागला ड्रोन लागेल. तो उडवून दाखवत असताना ड्रोन खाडीत गेला. तिथून एकाच्या टेम्पोत नागोठण्यापर्यंत, तिकडे मिसळ चांगली मिळते असं तो म्हणाला. मिळत नाही. रात्री घरी. फोटो राहिला. असल्या स्टुडिओंमुळे देश मागे आहे.

२ जून, सोमवार.

आज डोकं फिरलंय.

व्हिसावाल्यांना एक पत्र लिहावं लागतं, की मी कोण, कशाला येतोय आणि परत का जाणार. ऋजुताने माझ्या वतीने लिहून पाठवलं. काय लिहिलंय तर मी कुटुंबाच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो आणि गणपतीचा हंगाम असल्याने जुलैअखेर मला परतणं भाग आहे. भाग आहे! म्हणजे मी मजूर. म्हणजे मला सुट्टी घेऊन यावं लागतं. युरोपचा माणूस हे वाचून काय म्हणेल?

मी स्वतः लिहिलं. मराठीत लिहिलं आणि फोनकडून इंग्लिश करून घेतलं. मी जन्माचा भटका आहे. मी कुठल्याही नोकरीला, गावाला किंवा वेळेला बांधलेला नाही. एकदा निघालो की मागे वळून बघत नाही. प्राग मला बोलावते आहे. असं. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला.

वर बाबांनीही एक पत्र लिहिलंय. तीन संध्याकाळी खर्च करून. लेटरहेडवर, ज्याच्या डोक्यावर गणपती, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आमचे दोन मोबाईल नंबर. मराठीत. ऋजुताने बसून त्याचं इंग्लिश केलं, दोन्ही पानांना पिन मारली आणि म्हणाली फाईलमध्ये सगळ्यात वर ठेव. मी वाचलं नाही. माहीत आहे काय असणार. मुलगा नववीपासून ऐकत नाही वगैरे.

१० जून, मंगळवार.

मुंबई. व्हिसा सेंटर. एसी कडक.

सगळ्यात आधी, माझी फाईल मी रांगेत बसून नीट लावली. लीडरने शेवटची तपासणी स्वतः करायची असते. वरचं पान उघडलं तर गणपती. आजूबाजूला टाय लावलेली माणसं. मी बाबांचं पत्र पिनेसकट काढलं आणि पाठीवरच्या सॅकमध्ये, चिवड्याच्या पिशवीमागे सरकवलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, आणखी काही जोडायचंय का. मी म्हटलं नो.

मग बोटांचे ठसे. काचेवर बोटं ठेवली की ठेवली, पहिल्या झटक्यात हिरवा दिवा. बाई म्हणाल्या, व्हेरी क्लिअर प्रिंट्स. शेजारी एका माणसाची चार वेळा बोटं पुसत होते. बाबांचे तर आधारला ठसे येतच नाहीत, तीस वर्षं पॉलिश पेपर मारून बोटं काचेसारखी झालीत. रेशनला गेले की दर महिन्याला तमाशा. माझे एकदम क्लिअर. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. निशिगंधा म्हणाली, दादा, कामच केलं नाहीस तर झिजणार काय. तिच्याशी बोलणं बंद.

२८ जून, शनिवार.

फ्लेक्स लागला. हमरापूर फाट्यावर, बारा बाय आठ.

'हमरापूरचे सुपुत्र, भटकंतीचे बादशहा, मा. साईराजशेठ यांना प्राग (युरोप) दौऱ्यास (प्रस्थान १५ जुलै, सकाळी १०) व पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक: साईराजशेठ मित्रमंडळ.' मंडळात सध्या मीच आहे, पण मंडळ वाढतं. फोटोत मी गॉगल लावून हात हलवतोय. मागे प्रिंटिंगवाल्याने आयफेल टॉवर टाकला. तो प्रागमध्ये नाही असं मी म्हटलं तर म्हणतो, युरोपात तर आहे ना शेठ. वाद घालत बसलो तर फ्लेक्स सोमवारवर गेला असता.

अक्षयने विचारलं, व्हिसा आला का. मी म्हटलं तुझा आला का. म्हणाला, नाही. मग मला कशाला विचारतोस? म्हणाला, फ्लेक्स माझा नाही लागला म्हणून विचारतोय. रोह्याची माणसं अशी तिरकी.

४ जुलै, शुक्रवार. संध्याकाळी.

नाही दिला.

अक्षयला दिला. ऋजुताला दिला. मला नाही दिला. पासपोर्टबरोबर एक छापील कागद, त्यात एका चौकोनात फुली. तुम्ही मुदत संपल्यावर परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे.

वाजवी शंका! माझ्यावर!

मी. ज्याच्या परत येण्याला अख्खं हमरापूर कंटाळलंय. गोव्याला तीन महिन्यांसाठी गेलो, चौथ्या दिवशी परत. पुण्याला हॉटेलच्या कोर्सला, अकराव्या दिवशी परत. पनवेलला कुरियरमध्ये सहा दिवस. कोलाडला राफ्टिंगच्या कॅम्पवर सीझनभर राहायचं म्हणून गेलो, पहिल्या शनिवारी घरी. हिमालयात जायला निघालो तो पनवेलहून परत. माझ्याइतका परत येणारा माणूस या जिल्ह्यात दाखवा. आणि हे लोक तिकडे बसून शंका घेणार. वाजवी!

आमच्या गल्लीतले गणपती दरवर्षी मार्चमध्ये बोटीने जर्मनीला जातात. त्यांना कोणी विचारत नाही, परत येणार का. आणि ते येत नाहीत. तिथेच टबात विसर्जन. जो येत नाही त्याला सोडतात, येणाऱ्याला अडवतात.

बाबा काहीच बोलले नाहीत. सॅककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कामाला लागले. हे सगळ्यात वाईट. बोला ना काहीतरी.

५ जुलै, शनिवार.

अक्षय आणि ऋजुता आले होते. आईने कांदेपोहे केले. कांदेपोहे! जसं काही झालंच नाही.

माझा अंदाज होता की दोघं म्हणतील, तू नाहीस तर आम्हीपण नाही. तो माझा वाढदिवस आहे. मी नसलो तर ती नुसती ट्रिप आहे. पण अक्षय तिकीट परत मिळत नाही, शिफ्ट बदलून घेतलीय, सुपरवायझरला काय सांगू, असं पोह्यांशीच बोलत होता. मग मी मोठेपणा घेतला. म्हटलं, "जा तुम्ही. माझ्यामुळे तुमचं कशाला खराब." हे म्हटल्यावर समोरच्याने नाही म्हणायचं असतं. तीन वेळा तरी नाही म्हणायचं असतं. दुनियेत सगळे म्हणतात.

अक्षय म्हणाला, "बरं."

बरं! एकदा! आणि उरलेले पोहे खाल्ले.

जाताना ऋजुताने चपला घालत विचारलं, "साई, काकांचं पत्र लावलं होतंस ना?" मी हो म्हटलं. एवढ्याशा गोष्टीचा तिला काय प्रॉब्लेम आहे कळत नाही.

फ्लेक्स अजून लटकतोय. कोणाला काही सांगायचं नाही असं घरात बजावलं. बाबा म्हणाले, मी खोटं बोलनार नाय. मी म्हटलं, बोलूच नका. ते त्यांना जमतं.

१५ जुलै, मंगळवार.

प्लॅन पक्का. वेळ आणि तारीख फ्लेक्सवर छापलीय, त्यामुळे निघावं तर लागणार. आठ दिवस कोलाडजवळच्या खांब गावात हौसाआत्याकडे गुपचूप राहायचं, तेवीसला परत यायचं, प्राग बघून आलो म्हणायचं. फोटो अंबरीश देईल, माझा चेहरा मी लावीन. अॅप आहे.

सकाळी दहाला बॅग घेऊन फाट्यावर. वाटलं होतं चार जण असतील. तीस होते. शेजारच्या कारखान्यातल्या दत्तात्रेयकाकांनी नारळ फोडला. कोणीतरी शाल घातली. एक म्हातारी म्हणाली, तिकडं थंडी असंल, कानाला बांधून जा रं. मला आतून इतका राग आला. एवढं प्रेम होतं तर आधी कुठे होतं?

मुंबईकडची एसटी पकडली, कारण विमान मुंबईला. खारपाड्याला उतरलो आणि उलटी एसटी. ती परत त्याच फाट्यावरून गेली. मंडळी अजून तिथेच चहा पीत उभी. मी सीटखाली चप्पल शोधायला वाकलो ते पेण डेपो येईपर्यंत. कंडक्टर दोन वेळा विचारून गेला, काय हरवलं.

अक्षयचा मेसेज. एअरपोर्टवरचा फोटो. दोघं हसतायत. मी काहीच लिहिलं नाही. पाच मिनिटांनी अंगठा दिला.

१७ जुलै, गुरुवार.

परत आलो.

दोष पूर्णपणे आत्याचा. पहिल्या संध्याकाळी तिने सगळ्या खांबला सांगितलं की भाचा युरोपला चाललाय, जाता जाता आत्याच्या पाया पडायला आला. माणसं बघायला यायला लागली. मग दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मला हलवून म्हणाली, "विमान रातचं असंल ना? तवर लावणीला चल. हात मोकळंच हायेत." दिवसभर वाकून भाताची रोपं लावली. पाय अजून चिखलाचे. माझी ओळ नागमोडी गेली म्हणून शेजारच्या बाया हसल्या. एक म्हणाली, ह्यो तर कापणीपत्तुर पोचतोय युरोपला. सुट्टीवर आलेल्या माणसाला असं वागवतात का?

आज दुपारी निघालो. हेल्मेट घालून हमरापूरमध्ये शिरलो. एसटीतसुद्धा हेल्मेट होतं. घरात शिरल्यावर आईने पाणी दिलं आणि विचारलं, जेवलास? बाबांनी घड्याळ बघितलं नाही, कॅलेंडर बघितलं. म्हणाले, दोन दिस. गोव्यापरीस दोन कमी.

आता मी कारखान्याच्या माळ्यावर राहणार. खाली मूर्ती, वर मी. तेवीसपर्यंत कोणाला दिसायचं नाही. बाबा म्हणाले, आलायस तर ब्रश घे. मी म्हटलं, मी प्रागमध्ये आहे.

१८ जुलै, शुक्रवार. दुपारी २.

माळ्याच्या फटीतून सगळं दिसतं. दिसायला नको होतं.

मी नाही म्हणून बाबांनी यंदा श्रावणाआधीच आखणीला रघूला बसवलंय. रघू हात-पाय रंगवतो, बरा रंगवतो. पण डोळा! डोळा म्हणजे काय लिपस्टिक आहे? त्याने वरची पापणी एका दमात ओढली नाही, मध्येच ब्रश उचलला. मग बुबुळ आतल्या कोपऱ्यात. तिसऱ्या मूर्तीपर्यंत गणपती स्वतःच्या सोंडेकडेच बघायला लागला. पाचवा मोदकावर नाराज. सातव्याचा एक डोळा भक्ताकडे, दुसरा पेण स्टेशनकडे. माझं डोकं असं तापलं की उडी मारणार होतो. पण मी प्रागमध्ये.

एक बाई आपला पाट द्यायला आल्या. इथे लोक घरचा लाकडी पाट कारखान्यात आणून देतात, त्या पाटावर त्यांची मूर्ती बसते. बाई दरवर्षीच्या. रघूच्या मूर्तीसमोर उभ्या राहून त्यांनी बाबांना विचारलं, "पोपटराव, यंदा डोळे कोणी काढलेत? मुलगा कुठंय?" मी फटीपासून मागे सरकलो. बाबांनी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, वर गेलाय.

बाईंचा चेहरा पडला. बाबांनी माझ्याबद्दल एवढंही धड बोलू नये?

बाईंनी पाट काखेत मारला आणि म्हणाल्या, मग मी पुढच्या आठवड्यात आणते.

दुपारी ३.

सगळे जेवायला गेले तेव्हा खाली उतरलो. फक्त सातवा ठीक करायचा म्हणून. अकरा केले. पायऱ्यांवर पावलं वाजली तसा परत वर. रघू आला, बघत उभा राहिला, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं, हात जोडले आणि कामाला लागला. आता त्याला वाटतंय आपल्या हातात देव आला. याच्याइतका बावळट माणूस नाही.

१९ जुलै, शनिवार. माझा वाढदिवस.

आईने माळ्यावर शिरा दिला. निशिगंधाने खालून 'हॅपी बर्थडे टू यू, प्रागवासी' म्हटलं. हळू म्हण, हळू.

साडेतीनच्या सुमारास व्हिडिओ कॉल. तिकडे बारा वाजत होते. चौकातलं ते जुनं घड्याळ, ज्याच्याखाली मी केक कापणार होतो. माझीच आयडिया. तिघांनी केक आणलेला. त्यावर माझं नाव, बरोबर स्पेलिंग. मेणबत्ती अंबरीशने विझवली, कारण मी विझवू शकत नाही. मी इथून फुंकर मारली, फोनवर थुंकी उडाली आणि अर्धा कॉल मला कोणी दिसलंच नाही. तेवढ्यात घड्याळ वाजायला लागलं, खिडक्यांतून बाहुले बाहेर आले आणि तिघांनी फोन वर फिरवला. माझ्या वाढदिवसाला मी दोन मिनिटं एक भिंत बघत होतो. कोणीतरी ओरडत होतं, वॉव. अक्षयच होता.

मग बाहुल्यांच्या दुकानातून दाखवत होते. दोऱ्यांवर नाचणारे लाकडी बाहुले. राजा, चेटकीण, सैनिक. मी बघितले. डोळे मेलेले. राजाला बुबुळ आहे पण नजर नाही. मी म्हटलं, अरे वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायला लागते, आणि चमक शेवटी, अगदी शेवटी, थेंबाएवढी, नाहीतर तो कोणाकडेच बघत नाही. मी बोलत राहिलो. दहा मिनिटं असेन. अक्षय म्हणाला, भावा, रेंज जातेय. पूर्ण पाच काड्या होत्या. मला दिसत होत्या.

मला काहीही वाटलेलं नाही.

संध्याकाळी रघूने केलेले आणखी नऊ सुधारले.

२० जुलै, रविवार.

अक्षयला मी मारणार आहे.

त्याने स्टेटस ठेवलं. चार फोटो, तिघं जण, केक, घड्याळ. खाली: 'मिस यू भावा, तू हवा होतास.' आणि रडणारे तीन चेहरे. हमरापूरच्या प्रत्येक फोनमध्ये अक्षयचा नंबर आहे, कारण गणपतीला भजनाला तोच ढोलकी वाजवतो. सकाळी आठपर्यंत सगळ्या गावाला कळलं की भावा तिकडे नाही.

मग दुसरा प्रश्न. तिकडे नाही तर आहे कुठे? पंचवीस वर्षांचा मुलगा नारळ फोडून गेला आणि पोचला नाही. दत्तात्रेयकाका धावत आले, पोलिसांत कळवू म्हणाले. त्या म्हातारीने रडायला सुरुवात केली. आणि परवाच्या पाटवाल्या बाईंनी, पोपटरावांनीच मला सांगितलं वर गेला म्हणून, असं सांगितल्यावर तर कारखान्यासमोर गर्दी. दोघा-तिघांनी चपला बाहेर काढल्या. एक जण टोपी काढून उभा.

बाबांनी हात पुसले. मग मान वर करून म्हणाले, "साई, उतर खाली. लोकांना कामं हायेत."

शिडीवरून उतरलो. सगळ्यांसमोर. पायाला खांबचा चिखल, केसांत माळ्याची जळमटं, अंगावर ती शाल, रात्री डास होते म्हणून. म्हातारीने आधी मला कुरवाळलं आणि मग पाठीत एक जोरात घातला. कोणी हसलं नाही याचा जास्त राग आला. हसले ते बाहेर रस्त्यावर जाऊन. इथपर्यंत ऐकू आलं.

रघू तेवढा हसला नाही. त्याने त्या वीस मूर्तींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ब्रश धुऊन ठेवला. म्हणाला, मला वाटलं मला यायला लागलं. आता त्यात मी काय करणार?

दुपारी बाबा फाट्यावर गेले आणि फ्लेक्स काढून आणला. कारखान्याच्या पत्र्याला दोन ठिकाणी गळतंय. मूर्तींवर पाणी पडायला लागलं होतं. पत्र्याच्या खाली तो ताणून बांधला, तोंड खाली करून. मी म्हटलं निदान तोंड वर करा. म्हणाले, छापील बाजू पाण्याला लागली तर रंग गळंल मूर्तीवर.

गाव सोडणार. उद्याच. नक्की.

२१ जुलै, सोमवार.

नक्की म्हणजे परवा. आज बॅग वाळत नाही.

२४ जुलै, गुरुवार.

ऋजुता आली होती. एकटी. अक्षयला मी येऊ नको म्हणून कळवलंय, त्याने अंगठा दिला.

तिने एक बाहुला आणलाय. त्याच दुकानातला, तो राजा. म्हणाली, "तुझं ते पापणीचं लेक्चर मी सगळं ऐकलं. याचे डोळे काढून दे." मी म्हटलं टेबलवर ठेव, बघतो वेळ मिळाला तर. बसली. पत्र्याखालच्या फ्लेक्सकडे बघून तिने ओठ आत घेतले. मग म्हणाली, "मला एकच कळत नाही साई. काकांचं ते पत्र वाचूनसुद्धा त्यांनी नाही कसं म्हटलं? मला टाईप करताना रडू आलं होतं."

मी म्हटलं, युरोपची माणसं, काळीज नसतं.

ती गेल्यावर सॅक काढली. चिवड्याच्या पिशवीमागे तसंच होतं. तेलाचे डाग पडलेत, गणपतीच्या पोटावर. तिची टाईप केलेली इंग्लिश प्रत आणि त्यामागे बाबांचं हस्ताक्षर. उतरवून ठेवतो, फक्त रेकॉर्डसाठी.

'साहेबांना नमस्कार. साईराज माझा मुलगा. बारावी झाला नाही. त्याने हॉटेल सोडले, कुरियर सोडले, गोवा सोडले. तो कुठे टिकत नाही हे खरे आहे, मी लपवत नाही. पण आठ वर्षे तो जिथे असेल तिथून श्रावण लागायच्या आत घरी येतो आणि श्रावणाच्या पहिल्या दिवशी ब्रश हातात घेतो. त्याला बोलवावे लागत नाही. आमच्या तीनशे मूर्तींना तो नजर देतो. माणसे पाट आणून देतात ती त्याच्या हातासाठी. हे मी त्याला कधी सांगितले नाही, सांगितले तर डोक्यात जाईल. तो परत येईल. माझ्या बोटाचा ठसा उमटत नाही म्हणून सही करतो. पोपट.'

दोन वेळा वाचलं.

संताप झाला. आठ वर्षं एका शब्दाने बोलले नाहीत आणि बोलले ते कोणाजवळ, तर परक्या साहेबाजवळ. हे मला घरात सांगितलं असतं तर मी ते पत्र... जाऊ दे. डाग पडलेत, आता ते कुठे चालणार पण नाही. डायरीत ठेवलंय. पुढच्या वेळी लागेल.

२५ जुलै, शुक्रवार. रात्री ९.

आज पाचला उठलो. अलार्मशिवाय. डासांमुळे.

साडेसहाला खाली. बाबांनी स्टूल पुसून ठेवलं होतं, शेजारी दोन नंबरचा ब्रश, काळा रंग कालवून. मी बसलो. सकाळपासून एकतीस मूर्ती. पाटवाल्या बाई पाट ठेवून गेल्या. रघूला शेजारी बसवलंय. रेघ एका दमात ओढायला शिकवतोय, कारण मी काय इथे कायम राहणार नाही. आज श्रावण लागला हा निव्वळ योगायोग.

कमरेला रग लागली की मान मागे टाकतो. वर मीच. गॉगल, मागे आयफेल टॉवर, हात हलवतोय. एका कोपऱ्यात पाणी साठून पोट आलंय. दौरा रद्द झाल्याचं त्याला अजून कोणी कळवलेलं नाही.